सोम तम घरी करताना: पपई, खल आणि हाताचा जोर

मुसळधार

मराठीत 'थाई पपई सॅलड' शोधलं की बहुतेक पाकृंमध्ये किसलेली पपई, वर लिंबू-साखर-मीठ आणि भरपूर दाण्याचं कूट असं प्रकरण सापडतं. ती पपईची कोशिंबीर झाली. चवीला वाईट नाही, पण सोम तम नव्हे. थाईमध्ये 'सोम' म्हणजे आंबट आणि 'तम' म्हणजे कुटणं. कुटणं नावातच आहे आणि नेमकं तेच वगळलं जातं.

पदार्थ मूळचा थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातला आणि शेजारच्या लाओसचा. इसानमधून बँकॉकला कामाला आलेल्यांबरोबर तो राजधानीत पोचला. तिथे शेंगदाणे आणि सुके झिंगे घातलेलं, जरा गोडसर रूप रुळलं, ते 'सोम तम थाई'. हा धागा त्याबद्दल. बाकी प्रकारांवर जाणकारांनी खाली लिहावं.

एका ताटाचं साहित्य (भाताबरोबर दोघांना पुरतं):

कच्च्या पपईच्या काड्या १५० ग्रॅम, म्हणजे दोन सैल मुठी
लवंगी मिरच्या ३ (पहिल्यांदा करत असाल तर १)
गावठी लसूण, बारीक पाकळ्या ३
गूळ १५ ग्रॅम, किसून
चवळीच्या कोवळ्या शेंगा २, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे
छोटे टोमॅटो ४, अर्धवट पिकलेले
सुके सोललेले झिंगे १ मोठा चमचा
भाजून सोललेले शेंगदाणे २ मोठे चमचे, अख्खे
फिश सॉस (मुरवलेल्या माशाचा खारट रस) २० मिली
कागदी लिंबाचा रस २५ ते ३० मिली, म्हणजे दोन-तीन लिंबं

कृतीत क्रम महत्त्वाचा. लसूण आणि मिरच्या आधी, आठ-दहा ठोके. पेस्ट करायची नाही. मिरची तीन-चार जागी फुटून बिया दिसल्या की थांबायचं. तिखटपणा मिरच्यांच्या संख्येइतकाच ठोक्यांवरही ठरतो: त्याच तीन मिरच्या बारीक वाटल्या तर ताट भलतंच जहाल होतं. कुटताना खलाच्या तोंडावर डावा तळवा आडवा धरा, बी उडून डोळ्यात गेलं तर पुढचा अर्धा तास स्वयंपाक बंद.

मग गूळ. तो लसणाच्या ओलाव्यात पूर्ण विरघळून चिकट व्हायला हवा, खडा राहता कामा नये. त्यावर शेंगा घालून ठेचा. शेंग उभी तडकली पाहिजे, तिचा लगदा नको. मग झिंगे आणि निम्मे दाणे, तीन-चार ठोके, दाणे दुभंगण्यापुरते.

आता लिंबाचा रस आणि फिश सॉस घालून चमच्याने ढवळा आणि इथेच चव बघा. पपई घातल्यावर चव सुधारणं अवघड जातं. हे पाणी नुसतं चाखलं तर सहन होणार नाही इतकं तीव्र हवं, कारण पपईला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि ती सगळ्याची धार निम्म्यावर आणते. जिभेवर आधी आंबट, लगोलग खारट, आणि गोड मागून यायला हवं. गोड पहिलं आलं तर लिंबू वाढवा.

टोमॅटो अर्धे करून टाका आणि बत्त्याने नुसते दाबा. शेवटी पपई. उजव्या हातात बत्ता, डाव्या हातात मोठा चमचा. चमच्याने तळातून उपसून वर आणायचं, बत्त्याने हलकेच ठेचायचं, पुन्हा उपसायचं. १५ ते २० ठोके, अर्ध्या मिनिटाचं काम. ठोक्याचा आवाज बोदा, 'पोक-पोक' असा यायला हवा, आणि थायलंडात हा पदार्थ त्या आवाजावरूनही ओळखला जातो. बत्ता तळाला खणखणला तर तुम्ही पपई चेचताय. काडी वाकली पाहिजे, पण दाताखाली कुरकुरली पाहिजे.

उरलेले दाणे वर घालून खालच्या सगळ्या रसासकट ताटलीत ओता आणि लगेच खा.

---

चिंचगूळ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. घरी दगडी खलबत्ता आहे, त्यात जमेल का? आणि पितळी छोटा आहे तो?

---

मुसळधार

पितळी विसरा. त्यात वेलदोडे कुटतात, १५० ग्रॅम पपई मावणारही नाही.

थायलंडमध्ये दोन वेगळे खल असतात. करीचा मसाला वाटायला जड ग्रॅनाइटचा, उथळ. सोम तमसाठी भाजक्या मातीचा खोल खल, खाली निमुळता आणि वर रुंद, आणि त्याला लाकडी बत्ता. लाकूड आणि माती दोन्ही मऊ, त्यामुळे काडी नुसती दुखावते: तिच्यावर सूक्ष्म चिरा पडतात, रस आत शिरतो, काडी मात्र अखंड राहते. दगडावर दगड आपटला की पेशी फुटतात, काडीतलं पाणी बाहेर येतं आणि पाच मिनिटांत सगळं लिबलिबीत. शिवाय उथळ खलातून अर्धी पपई ओट्यावर सांडते.

घरच्या सामानात असं करा. लसूण, मिरची, गूळ, शेंगा, झिंगे हे सगळं दगडी खलात. रस आणि सॉस घालून चव जुळवा. मग ते एका खोल, जाड बुडाच्या पातेल्यात ओता, पातेल्याखाली ओला पंचा ठेवा, टोमॅटो आणि पपई घाला आणि लाटण्याच्या टोकाने ठेचत चमच्याने उपसा. मातीच्या खलाच्या बरंच जवळ जातं. मातीचा खल मिळालाच तर त्यात दगडी बत्ता कधीही घालू नका, तळ फुटतो.

---

कांदेपोहे

फूड प्रोसेसर?

---

मुसळधार

काड्या पाडायला हवा तर वापरा. कुटायला नको.

---

नंदुरबारी

पपईबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी ताटं इथेच बिघडतात.

बाजारात 'कच्ची' म्हणून मिळणारी पपई बरेचदा पिकायच्या वाटेवर असते. देठाच्या विरुद्ध टोकाला पिवळी झाक दिसली तर ती भाजीला ठीक, सोम तमला नको. साल एकसारखी गडद हिरवी हवी, फळ हाताला लाकडासारखं टणक, आणि नखाने टोचल्यावर चीक लगेच पांढरा टपकायला हवा. चीक पाणचट आला किंवा आलाच नाही तर फळ जून झालंय किंवा तोडून बरेच दिवस झालेत. कापल्यावर गर पांढरा आणि बिया पांढऱ्या असल्या की उत्तम. गराला किंचित केशरी छटा असेल तर चालवून घ्या, गूळ १५ ऐवजी १० ग्रॅम करा. बिया काळ्या झाल्या असतील तर तिची भाजी करा.

आपल्याकडे खानदेशात सगळीकडे पपईची रेड लेडी ही जात लागते. ती कच्ची असताना सोम तमला छान चालते, फक्त ८०० ग्रॅम ते एक किलोचं फळ घ्या. त्याहून मोठ्यात आतली पोकळी मोठी आणि गर कडेला तंतुमय. किलोच्या फळातून साधारण चार ताटांची पपई निघते.

चिकाने काहींच्या हातांना खाज सुटते. सोलण्याआधी हातांना खोबरेल लावा, सोललेलं फळ वाहत्या पाण्याखाली धुवा, मग कापा.

काड्या पाडण्याची मूळ पद्धत अशी: सोललेली अख्खी पपई तळहातावर आडवी धरून जड सुरीने लांबीच्या दिशेने भराभर, जवळजवळ घाव घालायचे आणि मग वरचा थर तासून काढायचा. काड्या काही जाड, काही केसासारख्या पडतात. हा असमानपणा दोष नाही. बारीक काडी रस पिते, जाड काडी कुरकुरते. पण हे हातावर करू नका. पाटावर ओलं फडकं, त्यावर पपई, आणि घाव घालणाऱ्या सुरीच्या रेषेत दुसऱ्या हाताचं बोट नको.

सोपा उपाय म्हणजे दातेरी पात्याचं सोलणं. थाई सामान ठेवणाऱ्या दुकानांत मिळतं, लांबीच्या दिशेने ओढलं की दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या निघतात. आपली गाजराची किसणी मात्र बाजूला ठेवा. ती पपई कापत नाही, फाडते. आखूड, ओला कीस पडतो आणि हलव्याची तयारी चाललीय असं वाटतं.

---

अळूचं_फदफदं

+१ किसणीबद्दल. पण काड्या नीट पाडूनही दहा मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं, ते का?

---

नंदुरबारी

चार कारणं संभवतात. बहुतेक वेळा पहिलंच असतं.

एक, काड्या ओल्या होत्या. काड्या पाडल्यावर बर्फाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवतात. पेशी पाणी पिऊन ताठ होतात आणि चीकही निघून जातो. पण नंतर निथळणं पुरेसं नाही, सुती पंचात गुंडाळून हलकं झटकून कोरड्या करायच्या. १५० ग्रॅम काड्यांवर दोन चमचे पाणी सहज चिकटून राहतं आणि तुमचा रस तेवढा पातळ होतो.

दोन, पपईला आधीच मीठ लावलं. कोशिंबिरीच्या सवयीने हात जातो. मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून मीठ फक्त फिश सॉसमधून आणि पपई सर्वांत शेवटी.

तीन, पपई जास्त कुटली. चार, टोमॅटो फार पिकलेला आणि मोठा. भाजीच्या टोमॅटोशिवाय पर्याय नसेल तर बियांचा बुळबुळीत भाग काढून फक्त गर घ्या.

आणि हे ताट मुळात रसाळच असतं. तळाशी दोन-तीन चमचे रस हवाच, त्यात भाताचा गोळा बुडवून खातात. रस पाणचट लागला तर चुकलं, रस आहे म्हणून चुकलं नाही.

---

वाशीचं_बंदर

सुक्या झिंग्यांबद्दल कोकणातल्यांसाठी. थाई 'कुंग हेंग' म्हणजे उकडून, वाळवून, सोललेले लहान झिंगे, रंग केशरी-गुलाबी. त्याच्या सर्वांत जवळ आपले सोडे, पण बारीक प्रतीचे घ्या. मोठे सोडे असतील तर कोमट पाण्यात पाच मिनिटं, घट्ट पिळून, कात्रीने तीन तुकडे. न भिजवता टाकले तर दातात अडकतात. वाल-वांग्याच्या भाजीतले शिजलेले सोडे वेगळे, इथे ते कच्चेच राहणार आहेत, हे लक्षात ठेवून निवडा: वास गोडसर हवा, अमोनियासारखा नको.

जवळा वापरायचा मोह होईल. चालतो, पण चाळून वाळू काढा, मंद तव्यावर दोन मिनिटं कोरडा भाजा आणि कुटताना नाही तर सर्वांत शेवटी वरून घाला. रसात भिजला की त्याचा चोथा होतो. गोव्यातलं किसमूर, म्हणजे सुक्या झिंग्यांची कोशिंबीर, ज्यांनी खाल्लंय त्यांना हे मुद्दाम सांगायला नको, तिथेही सुंगटं (झिंगे) वाढायच्या अगदी आधी मिसळतात.

---

चिंचगूळ

गूळ कोणता? पिवळा कोल्हापुरी टाकला तर चालेल?

---

वाशीचं_बंदर

चालेल, पण त्याला उसाची स्वतःची चव असते आणि ती लिंबाच्या वर चढते. थायलंडमध्ये माडाच्या किंवा ताडाच्या रसाची साखर वापरतात, फिकट, लोण्यासारखी मऊ. आपल्याकडे गोव्याचा माडाचा गूळ त्याच घराण्यातला, पण रंगाने काळा आणि धुरकट. १५ ऐवजी १२ ग्रॅमच घ्या, नाहीतर रस काळपट होतो. ताडगूळ मिळाला तर तो जास्त जवळचा. काहीच नसेल तर पिवळ्या गुळात थोडी साधी साखर, निम्मी-निम्मी.

---

मेकाँगकाठ

मूळ पाकृ व्यवस्थित आहे, एक शंका फक्त गुळाच्या क्रमाबद्दल. इसानमधल्या बऱ्याच गाड्यांवर साखर लसूण-मिरचीबरोबर न कुटता फिश सॉस आणि लिंबाच्या वेळी घालतात. अनेक जणी ती आधीच पाण्यात वितळवून पाकच करून ठेवतात.

---

मुसळधार

बरोबर, पण तिथली साखर मऊ असते. आपला गूळ ढेपेतला, कडक. तो शेवटी घातला तर खडे तळाशी बसतात आणि शेवटचा घास शिऱ्यासारखा लागतो. पाकाची कल्पना मात्र घ्यावी अशी आहे. दोन भाग गूळ, एक भाग पाणी, नुसतं वितळेपर्यंत गरम करून गाळून बाटलीत. फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो, आणि पपई घातल्यावर चव दुरुस्त करायची वेळ आली तर एवढाच एक उपाय हाताशी असतो. पाक वापरला की मापही बदलतं, १५ ग्रॅम गुळाला साधारण दीड मोठा चमचा पाक.

---

मेकाँगकाठ

मान्य. प्रकारांबद्दल लिहितो.

सोम तम थाई हा सर्वांत सौम्य आणि सर्वांत गोड प्रकार. खुद्द इसानमध्ये मागतात ते 'तम पला रा'. पला रा म्हणजे गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि भाजलेल्या तांदळाच्या पुडीत किंवा कोंड्यात महिनोन्महिने मुरवून केलेला दाट, करडा, उग्र वासाचा रस. त्यात साखर अगदी कमी किंवा नाहीच, शेंगदाणे नाहीत, लिंबू थोडं कमी आणि मिरच्या दुपटीने. लाओसमध्ये त्याच धर्तीचा 'पादेक' वापरतात. रंग काळपट, चव खोल आणि खारट. ज्यांना फिश सॉसचाच वास सोसत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

'तम पू'मध्ये मिठात मुरवलेले भाताच्या खाचरातले छोटे खेकडे कवचासकट ठेचून घालतात. 'तम सुआ'मध्ये तांदळाच्या शेवया. 'तम तेंग'मध्ये पपईऐवजी काकडी, 'तम खाओ फोत'मध्ये मक्याचे दाणे, 'तम खाय खेम'मध्ये खारवलेलं अंडं. म्हणजे 'तम' ही एक पद्धत आहे, पपई हा तिचा एक विषय.

कोकणातल्यांसाठी एक गंमत. लाओ आणि इसानी ताटात 'माकोक' नावाचं आंबट-तुरट फळ सालीसकट चकत्या करून घालतात. ते म्हणजे आपल्या आंबाड्याचंच झाड. पावसाळ्याअखेरीस आंबाडे मिळाले तर एका फळाच्या तीन-चार चकत्या टोमॅटोबरोबर टाका, लिंबाचा रस पाच मिली कमी करा. मागून जिभेवर जो गोडवा उमटतो तो लिंबाने येत नाही.

आता सावधगिरी, आणि ही गंभीरपणे घ्या. इसान आणि लाओसमधल्या गोड्या पाण्याच्या माशांत यकृतातला एक चपटा कृमी असतो, ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी. कच्चे किंवा अर्धवट मुरलेले मासे खाण्यातून तो पोटात जातो, आणि त्या भागात पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असण्याचं ते मुख्य कारण मानलं जातं. म्हणून पला रा उकळलेलाच वापरायचा. बाटलीतला घेतलात तरी उकळलेला असल्याचं लेबलावर पाहा, शंका असेल तर स्वतः पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा आणि गाळा. लिंबाने किंवा मिरचीने कृमी मरत नाहीत. कच्च्या खेकड्यांतून फुप्फुसातला कृमी येतो, तेव्हा आपल्याकडचे शेतातले मुठे किंवा चिंबोऱ्या कच्च्या ठेचून 'तम पू' करण्याचा विचारही नको. फारच हौस असेल तर खेकडा पूर्ण उकडून घ्या.

---

शेपूची_भाजी

शाकाहारी माणसांनी काय करायचं? फिश सॉस काढला तर उरतं काय?

---

मेकाँगकाठ

बरंच उरतं, पण फिश सॉसच्या जागी नुसतं मीठ टाकलं तर ताट सपाट लागतं. तो फक्त खारटपणा देत नाही, मुरलेल्या माशाची जी भरीव चव असते तीही देतो.

थायलंडमध्ये शाकाहाराची 'जे' नावाची परंपरा आहे, त्यात हलका सोया सॉस वापरतात. प्रमाण: सोया सॉस २० मिली आणि वर दोन चिमटी मीठ. मीठ यासाठी की फिश सॉसमध्ये वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं मीठ असतं, सोयामध्ये त्याहून कमी. गडद सोया सॉस घेऊ नका, ताट चहासारखं दिसतं. दोन-तीन वाळलेल्या शिटाके अळिंब्या पाव वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी एक चमचा घातलं तर रिकामी जागा बऱ्यापैकी भरते. झिंग्यांच्या जागी काही घालू नका, दाणे एक चमचा वाढवा.

'जे' आहारात लसूणही वर्ज्य असतो. म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांना ही थेट थाई परवानगीच आहे. लसूण नसेल तर मिरची कुटताना निसटते, म्हणून गुळाबरोबर एकत्र कुटा.

---

कांदेपोहे

अजिनोमोटो घालतात का तिथे?

---

मेकाँगकाठ

गाड्यांवर सर्रास. घरी चिमूटभर घातलं तर बिघडत नाही, पण फिश सॉस, झिंगे आणि टोमॅटो तिन्ही असताना गरज पडत नाही. शाकाहारी ताटात मात्र फरक कळतो.

---

मुसळधार

माझं मत वेगळं, शाकाहारी ताटातही नको. अळिंबीचं पाणी दोन चमचे करा.

---

टेम्सकाठची_टकळी

परदेशातल्यांसाठी. इथे कच्ची पपई व्हिएतनामी किंवा थाई दुकानांत मिळते, पण महाग आणि कधी कधी सुरकुतलेली. पर्याय म्हणून नवलकोल उत्तम: गोडसर, कुरकुरीत, चीक नाही. सोलताना जाड साल काढा, आतला तंतू राहिला तर चावत बसावं लागतं. नवलकोलाला बर्फाचं पाणी लागत नाही. गाजर मिसळायचं तर चौथ्या हिश्श्याहून जास्त नको, गोड होतं. गोठवलेल्या पपईच्या काड्या घेऊ नका, वितळल्यावर कुरकुर शून्य.

लिंबाचं मात्र अडतं. थायलंडमधलं 'मनाओ' आणि आपलं कागदी लिंबू एकच जात. इथे मिळतं ते मोठं, बिनबियांचं, जाड सालीचं, त्यात रस भरपूर पण वास कमी. त्याच्या रसाबरोबर अर्धा चमचा चिंचेचा पातळ कोळ घातला तर जमतं. बाटलीतला रस कडवट असतो, तो नको.

---

मुसळधार

कडवटपणा निघालाच आहे तर: ताजं लिंबूसुद्धा कडू करतं. पिळलेली फोड खलात टाकायची पद्धत आहे, सालीचा वास उतरतो म्हणून. पण ती कुटायची नाही. फोडीवर चार ठोके पडले की पांढऱ्या सालीचा कडूपणा सगळीकडे पसरतो. बिया तर आधीच काढा, एक ठेचलेली बीही ताट नासवते.

खारट झालं तर पाणी घालू नका, पपई वाढवा. म्हणून ५० ग्रॅम काड्या नेहमी बाजूला राखून ठेवा. आंबट झालं तर गुळाचा पाक. जहाल झालं तर काहीही करता येत नाही, शेजारी कोबीची फोड ठेवा.

---

अळूचं_फदफदं

आत्ता कैरी आहे भरपूर. कैरीचं होईल?

---

मेकाँगकाठ

होतं, 'तम मामुआंग'. कैरी तोतापुरीसारखी करकरीत, कमी आंबट घ्या. लिंबू १० मिलीवर आणा, गूळ २० ग्रॅम करा आणि रस एकदा चाखून मगच कैरी घाला. कैरी पपईपेक्षा लवकर मऊ पडते, म्हणून आठ-दहा ठोकेच. टोमॅटो वगळा.

---

शेपूची_भाजी

भात साधा चालेल का? इंद्रायणी चिकट असतो, तो?

---

मेकाँगकाठ

इंद्रायणी मऊ-चिकट आहे, पण तो 'खाओ निआओ', म्हणजे सोम तमबरोबर खातात तो चिकट तांदूळ, नाही. चिकट तांदळाचा दाणा कच्चा असताना अपारदर्शक पांढरा असतो आणि शिजल्यावर दाणे एकमेकांना धरतात, बोटांना मात्र लागत नाहीत. आसामचा बोरा साऊळ त्या जातीचा आहे, तो मिळाला तर घ्या.

हा तांदूळ पाण्यात शिजवायचा नाही. सहा ते आठ तास भिजवा, निथळा आणि वाफवा. मोदकपात्र यासाठी अगदी नेमकं भांडं आहे: चाळणीत ओलं मलमल, त्यावर तांदूळ दोन बोटं जाडीचा थर, झाकण. १५ मिनिटांनी कापडासकट उलटा करा, आणखी ८-१० मिनिटं. दाणा मधोमध कच्चा लागला तर थोडं पाणी शिंपडून पुन्हा पाच मिनिटं. मग परातीत पसरून वाफ जाऊ द्या, नाहीतर गोळा ओला राहतो. हाताने छोटा गोळा वळायचा, सोम तमच्या रसात टेकवायचा.

बाकी ताटात कच्च्या कोबीची फोड, चवळीच्या शेंगा, आणि असेल तर निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, 'काय यांग'.

---

नंदुरबारी

एक राहिलं. गरोदरपणी कच्ची पपई टाळावी. आपल्याकडे घरोघरी सांगतातच, पण इथे ताटभर कच्ची पपई पोटात जाते म्हणून पुन्हा लिहिलं. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांनाही पपईच्या चिकाने त्रास होऊ शकतो.

---

चिंचगूळ

शेवटचे दोन प्रश्न. आठ जणांसाठी एकदम करता येईल का, आणि डब्यात नेता येईल का?

---

मुसळधार

एकदम नाही. खलात एका वेळी जास्तीत जास्त दोन ताटांची पपई, त्यापुढे वरच्या काड्या कोरड्या राहतात आणि खालच्या चेचल्या जातात. आठ जणांना चार ताटं लागतील, म्हणजे दोन घाणे. रस मात्र सगळ्यांचा एकत्र करून ठेवता येतो: गूळ, फिश सॉस आणि लिंबू चौपट मापाने, तासभर आधी चालेल. मिरच्या चौपट करू नका. प्रत्येक घाण्यात वेगळ्या कुटा, म्हणजे एक घाणा मुलांसाठी बिनमिरचीचा काढता येतो. तो पहिला काढा, नंतर खलाला तिखट लागलेलं असतं.

डब्यात न्यायचं तर तीन भाग. कोरड्या काड्या पंचात गुंडाळून डब्यात, रस-शेंगा-टोमॅटो घट्ट झाकणाच्या बरणीत, दाणे पुडीत. खायच्या वेळी रस काड्यांवर ओता, झाकण लावून वीसेक वेळा जोरात हलवा, दोन मिनिटं थांबा. कुटलेल्याची सर नाही, पण ऑफिसात बत्ता आपटण्यापेक्षा बरं. फिश सॉसची बरणी प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी बांधा.

आणि मातीचा खल घेतलाच तर त्याला साबण लावू नका, माती साबण पिते आणि पुढच्या ताटात परत देते. गरम पाणी, काथ्या, आणि उन्हात उलटा.